बॅटलीची भट्टी समुद्रकाठी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, अवजड म्हणा, हवे ते म्हणा. मी मासे आणि बटाटे तळणारी एक भट्टी आहे, आणि माझे अर्धे आयुष्य गोंधळण्यात गेले आहे. तापावे, तळावे आणि गप्प राहावे, एवढेच मला ठाऊक होते. माणसे चार पदार्थांना एकच नाव देतात आणि एकाच पदार्थाला चार नावांनी हाक मारतात, हे मला घडवताना कोणी सांगितलेच नाही.

माझा जन्म उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका कारखान्यात झाला. पोलादी अंग, त्यावर दुधी आणि हिरव्या फरश्या, पोटात दोन खोल कढया, आणि वर चकचकीत पत्र्याचा टोप, ज्यात गिऱ्हाईक आपला भांग बघून घेई. जवळच्याच बॅटली गावच्या हर्बर्ट बूथ यांनी मला विकत घेतले. सहा माणसांनी उचलून मला त्यांच्या दुकानात नेले, तेव्हा त्यांची बायको एड्ना दारातच म्हणाली, "आधी पुसून घेते, मग नजर लावा."

हर्बर्ट माझ्या पोटात जनावराची पांढरीशुभ्र चरबी भरत. ती वितळली की तिचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि गिरणीतून सुटलेली माणसे त्या वासामागे येत. हर्बर्ट घड्याळाकडे कधी पाहत नसत. मान तिरकी करून माझ्या पोटातला आवाज ऐकत आणि आवाज बारीक झाला की झारा बुडवत. मासा म्हणजे आमच्या भागातला हॅडकच. कोणी दक्षिणेकडच्या लोकांसारखा कॉड मासा मागितला तर "सुट्टीवर आलात का?" असे विचारत. तळताना सुटलेल्या पिठाचा कुरकुरीत चुरा चिप्सवर, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या लांब फोडींवर, फुकट मिळे. फिशकेक म्हणजे बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये मासा दाबून, पिठात बुडवून तळलेला. आणि मासा न घालता नुसती एकच चकती तळली, तर ती स्कॅलप. शाळा सुटली की पोरे स्कॅलपसाठी रांग लावत. त्या काळात मला सगळे कळत होते.

पुढे एड्ना गेली. हर्बर्टच्या गुडघ्यांनीही दगा दिला. त्यांची लेक शर्ली लग्न करून दूर दक्षिणेला, केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे गावात राहत होती. तिथे तिने स्वतःचे दुकान काढायचे ठरवले आणि तिने मलाही नेले व वडिलांनाही. मी ट्रकमधून गेले, ते तिच्या मोटारीतून. दोघांनाही कोणी फारसे विचारले नव्हते.

आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात लंडनहून आलेला एक गृहस्थ म्हणाला, "एक वॉली द्या." वॉली हे तर माणसाचे नाव. मी वाट पाहत राहिले की आतून कोणी वॉली येईल. शर्लीने बरणीतून मुरवलेली हिरवी काकडी काढून दिली. इथे सगळ्यांना कॉडच हवा, तोही कातडी काढून. फिशकेक मागितला की कुस्करलेल्या बटाट्यात मासा मिसळून केलेला गोळा. चुरा पुढे केला तर लोक विचारत, "हे खाली सांडलेलं आहे का?" सेव्हलॉय नावाचे लालभडक सॉसेज माझ्या शेजारच्या गरम डब्यात मानाने बसे, आणि माझ्या पोटातली चरबी काढून शर्लीने तिथे सूर्यफुलाचे तेल ओतले.

त्या दिवशी हर्बर्टनी थंड तेलात बोट बुडवून हुंगून पाहिले.

"याला वासच नाही, शर्ली. लोकांना दुकान सापडणार कसं?"

"बाबा, दारावर पाटी आहे. आणि इथली निम्मी माणसं चरबीचं नाव काढलं की परत फिरतात. तुम्ही बसा बघू निवांत."

निवांत बसणे त्यांना जमत नसे. दुपारी गर्दी ओसरली की ते हळूच बटाट्याच्या जाड चकत्या कापत, पिठात बुडवत आणि माझ्यात सोडत. त्या पदार्थांच्या पाटीवर नव्हत्या. ते त्या लहान मुलांना उगाच देत. मला त्या चकत्यांचा आवाज ओळखीचा होता. त्या नव्या तेलात तेवढीच एक गोष्ट मला समजत असे.

एके दुपारी लोरेन नावाची बाई तिच्या टॅमसिन नावाच्या मुलीला घेऊन आली. लोरेन चिप्सवर व्हिनेगर शिंपडत होती. हर्बर्टनी कागदात गुंडाळलेली गरम चकती मुलीच्या हातात दिली. तिने एक घास घेतला.

"काय दिलंत हो तिला?" लोरेनने हसत विचारले.

"स्कॅलप," हर्बर्ट अभिमानाने म्हणाले. "आमच्या गावची खासियत आहे. खा बाळा, खा."

मित्रांनो, त्या किनाऱ्यावर स्कॅलप म्हणजे समुद्रातला शिंपला. आणि शिंपल्याचा कणभर अंश पोटात गेला तरी टॅमसिनचा घसा सुजून श्वास कोंडत असे. एकदा ती मरता मरता वाचली होती. हे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच दिसले की लोरेनचा चेहरा पांढरा पडला, तिने बोट घालून मुलीच्या तोंडातला घास बाहेर काढला आणि पिशवीतले इंजेक्शन काढून तिच्या मांडीत खुपसले. मुलगी किंचाळली. शर्ली पुन्हा पुन्हा सांगत होती की तो बटाटा आहे, नुसता बटाटा. लोरेन म्हणत होती, "त्यांनी स्वतः सांगितलं ना, कशाला खोटं बोलता?" कोणीतरी रुग्णवाहिका बोलावली.

हर्बर्ट हातात झारा घेऊन उभे होते. झाऱ्यातले तेल त्यांच्या बुटावर ठिबकत होते. मी काय तळले हे मला पक्के माहीत होते. पण माझ्याजवळ तोंड नाही. याचे इतके वाईट मला कधीच वाटले नव्हते.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. मुलगी ठणठणीत होती. इंजेक्शनाने छाती धडधडत होती, म्हणून तिला थोडा वेळ थांबवून घेतले होते. शर्लीने हे वडिलांना सांगितले. ते वरच्या खोलीत गेले आणि मग खाली येईनासेच झाले.

गावात मात्र बातमी वेगळीच फिरली. उत्तरेकडचा म्हातारा पोरांना काहीबाही खाऊ घालतो, असे लोक बोलू लागले. गिऱ्हाईक रोडावले. शर्लीचेही लक्ष उडाले. माझ्या दुधी फरश्यांवर पिवळी चिकट साय धरली, तेल काळे झाले तरी ती बदलेना. मी तापत असे आणि विचार करत असे. बटाट्याने कोणाला काही केले नव्हते. तेलानेही नाही. पीठ तर रोजचेच. मग त्या लेकराला दवाखान्यात नेले कोणी? मला काही उलगडा होईना.

मग एक दिवस लोरेन परत आली, टॅमसिनचा हात धरून. तिची नजर शर्लीकडे जात नव्हती.

"ही रोज विचारते, ते गोल गरम काय होतं म्हणून," ती म्हणाली. "मी काय सांगू तिला?"

शर्लीने जिन्याखालून हाक मारली. तिने पुन्हा हाक मारली. तेवढ्यात टॅमसिन जिन्यापाशी जाऊन वर पाहत म्हणाली, "आजोबा, मला अजून एक हवंय."

जिना बराच वेळ करकरला. हर्बर्ट सपाता घालूनच खाली आले होते, दाढी वाढलेली. ते लोरेनसमोर उभे राहिले.

"बाई, माझ्या तोंडातून काय निघतंय ते मला माहीत होतं. तुमच्या कानात काय जाईल, ते नव्हतं माहीत. माफ करा."

"मीही ऐकून घेतलं नाही तुमचं," लोरेन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

हर्बर्टनी हात धुतले. अख्खा बटाटा लोरेनला दाखवला, तिच्यासमोर कापला, कच्ची चकती तिच्या तळहातावर ठेवली. मग ती पिठात बुडवून माझ्यात सोडली आणि मान तिरकी केली. टॅमसिननेही तशीच मान तिरकी केली.

शर्लीने पदार्थांच्या पाटीवर नवा पदार्थ लिहिला: बटाट्याची चकती. त्या दिवसापासून हर्बर्टनी जुने नाव कधी उच्चारले नाही. कधी कधी 'स्क' एवढे ओठांवर येई आणि ते थांबत. गिऱ्हाईक हळूहळू परत आले.

पुढच्या वसंतात ते एड्नाच्या कबरीवर फुले ठेवायला बॅटलीला जाऊन आले. परतल्यावर माझ्यासमोर स्टुलावर बसून त्यांनी शर्लीला प्रवासाची हकीकत सांगितली. गावातल्या एका दुकानात ते शिरले होते.

"म्हटलं, दोन बटाट्याच्या चकत्या द्या. ती पोरगी बघतच राहिली. मी बोटानं दाखवलं, तेव्हा म्हणाली, 'स्कॅलप होय! आजोबा, दक्षिणेकडून फिरायला आलात वाटतं?'"

शर्ली खळखळून हसली. मग तिने वडिलांकडे पाहिले आणि हसणे आवरले.

"मग तुम्ही काय म्हणालात, बाबा?"

"काय म्हणणार? म्हटलं, हो."

शर्लीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी फडके घेतले आणि माझ्या फरश्या एकेक करून पुसायला सुरुवात केली, सावकाश.

मित्रांनो, माझ्यासारख्या भट्ट्या तुमच्याही गावात असतील. त्यांचे तेल काळे होऊ देऊ नका, त्यांची अंगे पुसत जा. आणि कोणी परका माणूस आपल्या गावचा शब्द घेऊन तुमच्या दारी आला, तर हसण्याआधी किंवा घाबरण्याआधी त्याला एवढे विचारा की तुमच्याकडे याचा अर्थ काय. त्या चकतीचे खरे नाव कोणते, हे मला अजूनही कळलेले नाही. तिचा आवाज मात्र बॅटलीत होता तसाच इथेही आहे, आणि तो ऐकायला हर्बर्ट अजून मान तिरकी करतात.