नाल्याअलीकडे काढून ठेवलेला दांडा

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम पार पडले तेव्हा मी तिथे नव्हतो. नाल्याच्या अलीकडे, करंजाच्या झाडाखाली एका तापलेल्या दगडावर मी नुसता पडून होतो. तरीही त्या कामात माझा वाटा आहे, असे मी आजही म्हणतो. कसा, ते ऐका.

मी एक जुना पोलादी दांडा आहे. अंगठ्याएवढा जाड आणि दोन्ही टोकांशी एकाच बाजूला वळवलेला. चौकटीची एक बाजू काढून टाका, उरेल तो माझा आकार.

जोडलेला

माझा जन्म परदेशातला. एका लांबलचक मोटारीच्या पोटाखाली बसून मी इकडे आलो. ती मोटार बडनेऱ्याजवळ एका झाडावर आदळली आणि भंगारात गेली. त्या भंगारातून मला अमरावतीच्या नत्थुजी मिस्त्रींनी ओढून काढले. ही १९५४ सालची गोष्ट. त्यांनी मला भट्टीत लाल केले, नव्या मापाने वाकवले, तेलात विझवले आणि पुन्हा हलक्या आचेवर शेकले. मग आपल्या जीपच्या पुढच्या दोन चाकांमध्ये मला आडवे बसवले.

ही जीप लष्कराने मोडीत काढलेली होती. नत्थुजी ती अमरावती ते अकोला भाड्याने चालवत. अंगाने ती दणकट होती, पण वळण आले की एका बाजूला अशी कलायची की आतल्या माणसाने देवाचे नाव घ्यावे. वामनराव वकील तारखेसाठी अकोल्याला जात. मूर्तिजापूर आले की गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला ओकणे हा त्यांचा नेम होता.

मी आलो आणि हे थांबले. जीपची एक बाजू दबू लागली की मी स्वतःला पिळून घेई आणि दुसऱ्या बाजूलाही खाली ओढी. कोणालाही एकट्याने झुकू द्यायचे नाही, एवढेच माझे काम.

पहिल्याच खेपेला वामनरावांनी कागदांतून डोके वर काढून विचारले, "नत्थुजी, मूर्तिजापूर कधी गेले हो? मी कैफियत वाचत होतो."

"गेलं ना, वकीलसाहेब. तुमाले समजलंच नाई. दांड्याची करामत हाये."

त्या दिवसापासून नत्थुजी गाडी सुरू करण्याआधी वाकून मला बोटाने टकटक करत. अमरावतीतले चार मिस्त्री खास मला बघायला आले, एकाने तर माझे चित्र काढून नेले. मी फुगलो, मित्रांनो. माझ्याशिवाय ही जीप म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, असे मला वाटू लागले. आणि वाईट हे की, नत्थुजींनाही तसेच वाटत होते.

अडलेला

१९५८ चा वैशाख. शेंदूरजनाघाटची सत्यभामाबाई नत्थुजींच्या दारात येऊन उभी राहिली. माळ्याच्या घरची बाई, चाळिशीची, पदर कमरेला खोचलेला. गावापलीकडे डोंगराच्या अंगाला तिची संत्र्याची बाग होती. दोनशे ऐंशी झाडे, नऊ वर्षांची. रोपे लहान होती तेव्हा तिने प्रत्येकाला घागरीने पाणी घातले होते. आता गावात बैलांना लाळ-खुरकूत झाली होती. तिचे बैल खुरांतल्या जखमांनी उभे राहीनात, म्हणजे मोट बंद. विहिरीत पाणी होते, वर काढायला कोणी नव्हते.

"अकरा दिवस झाले, मिस्त्री," ती म्हणाली. "सुपारीएवढी फळं गळून राहिली. फळाचं काई नाई, पुढच्या साली येईन. पण झाडाचे पानं मुरडले आता. झाड गेलं त नऊ वर्षं कोठून आणू?"

मोर्शीला तिच्या भावाकडे एक ऑइल इंजिन रिकामे पडून होते. ते आणि त्याचा पंप बागेत पोचवायचा, एवढेच काम होते.

इंजिनाची दोन्ही जड चाके काढून मोर्शीला सगळे जीपमध्ये चढवले. वरूडवरून शेंदूरजन्यापर्यंत मी नेहमीसारखा वागलो. एवढे ओझे असूनही गाडी डुलली नाही. नत्थुजींनी वाटेत दोनदा माझे कौतुक केले. बाई पुढे बघत होती.

मग नाला आला. पाण्याचा टिपूस नव्हता, नुसते दगड. काही टरबुजाएवढे, काही बसलेल्या वासराएवढे. पलीकडे आणखी दीड मैलावर बाग.

पहिल्यांदा जीप दहा हात गेली आणि अडली. पुढचे डावे चाक दगडावर चढले, उजवे हवेत लटकले आणि तिथेच गरगर फिरू लागले. जमिनीवरचे चाक गप्प. हवेतल्या चाकाने कितीही घाई केली तरी गाडी हलत नाही, मित्रांनो.

नत्थुजी मागे आले. टायरमधली हवा कमी केली. पुन्हा गेले, पुन्हा तेच. चाकाखाली दगड रचले, ते निसटले. बाईचा मोटेवरचा माणूस बुधाजी नाल्यापाशी वाट बघत होता. त्याने इंजिन बांबूला टांगून न्यायचे सुचवले. उचलताच बांबू कडकन मोडला.

"ओझं जास्त हाये, बाई. गाडीचा दोष नाई," नत्थुजी घाम पुसत म्हणाले.

सत्यभामाबाई दगडांत पोटावर आडवी झाली आणि गाडीखाली बघू लागली. माझी आणि तिची पहिली नजरानजर तेव्हा झाली.

"मिस्त्री, हे मधात काय हाये?"

"दांडा हाये. माया हातचा. त्याच्यानंच त गाडी सरळ चालते."

"हे चाक दगडावर चढलं का तुमचा दांडा त्या चाकाले वर उचलून धरते. दिसून नाई राहिलं काय तुमाले?"

"बाई, तुमी संत्र्याचं सांगा. मोटारीचं मले समजते."

"संत्र्याचंच सांगून राहिली. तिकडे झाडं मरून राहिले अन् तुमी इथं दांड्याची आरती करून राहिले."

बुधाजी हसला. नत्थुजींचे कान लाल झाले.

बाई उठून बसली. आवाज खाली आणून तिने समजावले, "हे पाहा, आमच्या घरी दोन बाजा हायेत. एक नवी, कसून ठोकलेली. अंगणात टाकली का तिचा एक पाय वरच राहते. दुसरी जुनी, साऱ्या सांध्यात ढिली. तिले कुठंई टाका, चारी पाय भुईले लागते. आज मले तुमची गाडी ढिली पायजे."

बाई खरे बोलते आहे हे मला कळले होते. नत्थुजींनाही कळले असावे, कारण त्यांनी माझ्याकडे बघणे टाळले.

"काढला अन् गाडी उलटली त? एवढं लोखंड हाये वर."

"इंजिन खाली दाबून बांधू. ज्या अंगानं गाडी कलन त्या अंगानं मी चालत येईन. उलटली त माया अंगावर उलटन. तुमाले बोल नाई."

"तुमच्या अंगावर कायले, बाई?" नत्थुजी पुटपुटले आणि पाना काढायला वळले.

नट गंजले होते. दोन टोकांचे दोन, आणि मला सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे चार. नुसती टोके सोडून भागले नसते, लोंबकळून मी दगडात अडकलो असतो. पाना दोनदा निसटला, नत्थुजींच्या बोटांची साले निघाली, पण ते थांबले नाहीत. नट-बोल्ट त्यांनी रुमालात बांधून खिशात घातले आणि मला दोन्ही हातांवर घेऊन करंजाखाली ठेवले.

"मिस्त्री," बुधाजी म्हणाला, "बायकोले माहेरी धाडता तवाई एवढं तोंड उतरत नसन तुमचं."

सुटा

जीप निघाली.

वीस हातांपर्यंत मला दिसले. डावे चाक दगडावर चढले. उजवे खाली उतरले आणि भुईला टेकले. चारही चाके भुईला! चार वर्षे मी त्या चाकांना जे करू दिले नव्हते ते त्यांनी सहज केले.

वरचे अंग मात्र भयंकर कलले. बाईने त्या बाजूला खांदा लावला. एवढ्याशा खांद्याने काय होणार? पण तिने लावला.

मग वळण. मग काहीच नाही.

आता जीप परत येईपर्यंत मला वाट पाहायची आहे. तोवर पुढच्या वर्षांचे सांगून टाकतो, म्हणजे शेवटी ते मध्ये येणार नाही.

पुढे नत्थुजींनी माझ्या टोकांना आणि पट्ट्यांना नटांऐवजी हाताने काढता येतील अशा खिळ्या बसवल्या. अकोल्याला जायचे असले की मी जोडलेला, दगडांत जायचे असले की सुटा. काढताना प्रत्येक खिळी एका पत्र्याच्या डबीत जाई, आणि डबी त्यांच्या उशाशी. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि १९६६ साली जीप अकोल्याच्या एका ठेकेदाराकडे गेली. तिथल्या ड्रायव्हरने एकदा मला काढले ते काढलेच. खिळ्या कुठेतरी सांडल्या. जीप वळणावर पुन्हा कलू लागली तेव्हा लोक म्हणाले, गाडी म्हातारी झाली. कोपऱ्यात पडलेल्या माझ्याकडे कोणी पाहिले नाही. आज मी एका गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा आहे, आणि माझ्या एका टोकाला सायकलच्या फुटक्या ट्यूब टांगतात.

मित्रांनो, मला काढले याचा राग नाही. काढायलाच हवे, अशी वेळ येते. पण काढणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. काढण्याआधी ही वस्तू काय काम करते ते समजून घ्यावे. आणि काढल्यावर तिचे नट सांभाळावेत, ती कुठे ठेवली ते विसरू नये. हे जमत नसेल तर पान्याला हात लावू नये.

झाले. आता पुन्हा त्या करंजाखाली या.

ऊन अंगावर आले.

दूर कुठेतरी जीपचा आवाज चढला, गुरगुरला आणि एकदम थांबला. माणसे ओरडली. काय, ते कळले नाही.

शांतता.

उलटली असेल का? मी असतो तर उलटली नसती. पण मी असतो तर तिथवर गेलीच नसती. हे दोन्ही विचार मी आलटून पालटून केले. दुसरे करण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

जीप पुन्हा गुरगुरली. लांब गेली. बंद झाली.

सावली करंजाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली. एक सरडा माझ्यावर चढला, भाजला, उतरला.

आणि मग डोंगराच्या अंगाने एक आवाज आला. फट्. थांबला. फट्, फट्. पुन्हा थांबला. मी सगळा कान झालो. मित्रांनो, मला पिळता येते, पण त्या वेळी पिळायला दोन बाजूंना काहीच जोडलेले नव्हते.

फट्. फट्. फट्-फट्-फट्-फट्...

तो थांबला नाही. ऊन कलले तरी थांबला नाही.

बऱ्याच वेळाने रिकामी जीप नाला उतरून आली. नत्थुजी एकटेच होते. बाई आणि बुधाजी पाटावरच राहिले असणार, पाणी वळवायला. नत्थुजींनी गाडी माझ्याजवळ उभी केली, खिशातला रुमाल सोडून नट मोजले आणि अनवाणीच खाली उतरले. वैशाखातल्या त्या कोरड्या दगडांवर त्यांची पावले ओली उमटली.