सासऱ्यांची बातमी

कप्तान आणि इंजिनियर हे सख्खे साडू. दोघांच्या बायका पाठोपाठच्या बहिणी. मालकाची यॉट महासागर ओलांडून पलीकडच्या बंदरात पोचवायची होती. मालक स्वतः विमानाने जाणार होता. कप्तानाने इंजिन सांभाळायला साडूला घेतलं आणि स्वयंपाकाला ताईला. ताई दोघांचीही कुणी नव्हती, म्हणून दोघांचीही ताई झाली.

सुरुवातीला छान चाललं होतं. जेवताना साडू एकमेकांच्या बायकांच्या नकला करायचे आणि ताई हसून हसून बेजार व्हायची. किनारा मागे पडून बरेच दिवस झाले होते. एका सकाळी कप्तान डेकवर दोरांत गुंतला होता आणि एरवी तो कुलपात ठेवायचा त्या सॅटेलाइट फोनच्या कपाटाला किल्ली तशीच राहिली होती. इंजिनियरने फोन काढून घरी बायकोला लावला.

ताई शेजारीच कांदा चिरत होती.

"काय? कधी?... नाही गं, मला कुणी काहीच... दाजींना सांगितलं होतंस? इथे, बोटीवर?"

फोन जागेवर ठेवून त्याने ताईकडे पाहिलं. "सासरे गेले. आठवडा उलटून गेला."

त्या सासऱ्यांनीच त्याला पोरवयात आपल्या वर्कशॉपमध्ये हाताशी धरलं होतं. इंजिन उघडायला शिकवलं, आणि पुढे मुलगीही दिली. बापाच्या जागी दुसरं कुणी त्याला नव्हतंच.

तो वर गेला. ताईही सुरी तशीच हातात घेऊन मागोमाग गेली.

"सासरे गेले," तो म्हणाला.

कप्तानाने हातातली गाठ पुरी केली. "हो."

"तुला माहीत होतं."

"सांगून काय झालं असतं? इथून उडून जाणार होतास? मला इंजिन चालू हवं होतं, आणि ते चालवणारा माणूस भानावर."

"रोज माझ्यासमोर बसून जेवलास तू. माझ्या बायकोच्या नकला केल्यास."

"मग काय, तोंड लपवून बसू?"

इंजिनियर त्याच्या अंगावर धावून गेला नाही. धावला असता तर बरं झालं असतं, असं ताईला वाटून गेलं. तो एवढंच म्हणाला, "आता माझ्याशी बोलायचं नाही," आणि खाली उतरला.

"मला तरी कुठे हौस आहे!" कप्तान त्याच्या पाठीवर ओरडला.

तेव्हापासून सगळं ताईच्या तोंडून सुरू झालं. दोघं समोरासमोर बसलेले, मध्ये एक टेबल. "ताई, त्याला विचार, डिझेल किती उरलंय." "ताई, त्याला सांग, काटा बघ म्हणावं, डोळे आहेत ना." कप्तान अंगाला साबण लावून उभा राहिला की नेमका पाण्याचा पंप बंद पडायचा. इंजिनियर आडवा झाला की त्याच्या डोक्यावरच्या डेकवर कप्तानाला साखळ्या सरकवायची आठवण यायची. रुसून निघून जावं तर चहूकडे पाणी.

"मी काय टपालखातं उघडलंय?" ताईने एकदा झाकण आपटलं. दोघांनीही ऐकलं नाही. मग तिलाही दोघांचा राग येऊ लागला. ती ताटं वाढायची नाही, टेबलावर आदळायची.

एका दुपारी आभाळ एका बाजूने काळंठिक्कर झालं आणि जेवण अर्धवट टाकून तिघं वर धावले. वारा बघता बघता अंगावर आला. कप्तान सुकाणूवर होता. इंजिनियर डोलकाठीपाशी शीड आवळत होता, दोर चरखीवर गुंडाळत, समुद्राकडे पाठ करून. ताई मधल्या जिन्यात कठडा धरून उभी होती.

आडवी लाट कप्तानाला आधी दिसली. त्याने श्वास घेतला, तोंड उघडलं. ताईने ते स्पष्ट पाहिलं. आणि मग तो तिच्याकडे वळला.

"ताई, त्याला सांग, हात काढ!"

ताई जिवाच्या आकांताने ओरडली. तिचा आवाज वाऱ्याने नेला. बोट कलंडली, दोर खाडकन ताणला गेला आणि इंजिनियरचा हात चरखी आणि दोराच्या मध्ये सापडला. त्याची किंकाळी मात्र सगळ्यांना ऐकू आली.

वारा ओसरल्यावर त्याला खाली टेबलाशी बसवलं. दोन बोटं पार चेचली होती. कप्तान औषधांची पेटी घेऊन आला.

"तू हात लावायचा नाहीस," इंजिनियर दातओठ खात म्हणाला. "ताई, त्याला सांग."

"मी कुणाला काही सांगणार नाही!" ताई किंचाळली. "मला बोटं बांधता येत नाहीत, त्याला येतात. आणि यापुढे मी तुम्हाला जेवण देईन. शब्द नाही."

शेवटी त्याने हात पुढे केला. तोंड भिंतीकडे फिरवून. कप्तान पट्टी गुंडाळू लागला.

"मला वाटलं, तू परत फिरायला सांगशील," तो म्हणाला.

"सांगितलं असतं."

"मी फिरलो नसतो."

"मग तोंडावर नाही म्हणायचं होतंस. मी शिव्या घातल्या असत्या, रडलो असतो. सासऱ्यांसाठी मला एक दिवससुद्धा रडू दिलं नाहीस तू."

"चुकलं माझं. आज ओरडलो नाही, तेही. माफ कर."

"नाही."

कप्तानाने गाठ मारली आणि पेटी बंद केली.

त्यानंतर ते थेट बोलू लागले, पण प्रेम उतू गेलं म्हणून नव्हे. एकाच हाताने इंजिन सांभाळणारा इंजिनियर खालून शिव्या हासडायचा आणि कप्तान वरून परत करायचा. काम मात्र आधीपेक्षा नीट होऊ लागलं. ताईने त्यात पडायचं सोडून दिलं.

बंदराला लागल्यावर ताई इंजिनियरला घेऊन दवाखान्यात गेली. कप्तान न बोलावताच मागून आला, चार पावलं अंतर ठेवून. पट्टी सोडून बघताच डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक बोट कदाचित राहणार नाही, त्या म्हणाल्या. ऑपरेशन लगेच करायला हवं.

"सोबत नातेवाईक कोण?"

"मी," कप्तान पुढे झाला. "साडू आहे."

"आमचा कप्तान आहे," इंजिनियर त्याच्याकडे न बघता म्हणाला. "त्याला बाहेर बसवा."

कप्तान बाहेर जाऊन बाकावर बसला. ताईने खांद्यावरची पिशवी सावरली. दुसरी नोकरी शोधायची, जमिनीवरची, हे तिने दवाखान्याची पायरी चढतानाच ठरवलं होतं. बाहेर पडताना ती बाकापाशी क्षणभर थांबली.

"त्याला सांग ना..." कप्तान म्हणाला.

"स्वतः सांगा," ताई म्हणाली आणि रस्त्याला लागली.