डिन या शब्दाचं वाक्य

शाळकरी मुलांच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम मी घरी बसून करते. त्या दिवशी 'डिन' हा शब्द आला. मोठा आवाज, असं लिहून मोकळी झाले असते, पण तेवढ्याने भागेना. दार आपटलं तर तोही मोठा आवाजच. त्याला कुणी डिन म्हणत नाही. डिन चालूच राहतो, इतका की माणसं त्याच्यावरून ओरडून बोलायला लागतात, नाहीतर बोलायचंच सोडून देतात. आपल्याकडे गलका आहे, पण तो माणसांचा. कलकलाट पोरांचा. शेवटी 'सतत चालणारा गोंगाट' असं लिहिलं.

आता वाक्य. उदाहरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच हवं, हा आमच्या संपादकबाईंचा दंडक. मनाने रचलेलं वाक्य त्यांना वासावरून कळतं. मला लांब जायला नको होतं. आमच्या खालच्या मजल्यावर डब्यांची झाकणं ठोकायचा कारखाना आहे, दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालतो. मी लिहिलं, 'या गोंगाटातही बाळ गाढ झोपलं आहे.' आमची ठमी शेजारी झोपलेलीच होती.

फोन आला की मी न्हाणीघरात शिरून दार लावते. बाईंनी फोनवर अर्थ पसंत केला, वाक्यापाशी अडल्या.

"'गाढ' कशावरून? पाहिलंस, की वाटलं म्हणून लिहिलंस?"

पाहून सांगते म्हणाले आणि येऊन ठमीजवळ बसले. खाली दणका बसत होता, खिडकीची काच थरथरत होती. ठमीची पापणी हलत नव्हती. मी स्वयंपाकघरातलं पातेलं आणून तिच्या उशाशी जमिनीवर टाकलं. सासूबाई धावत आल्या. ठमी झोपलेलीच.

हिला ऐकूच येत नाही की काय?

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढता काढताच पेंगत होता. सवय झालीये तिला, म्हणाला, जन्मापासून हेच ऐकतेय. पण तुला चैन पडत नसेल तर सुट्टीच्या दिवशी डॉक्टरकडे जाऊ. सासूबाईंचं मत, मी जिवाला घोर लावून घेण्यात पटाईत आहे. रांगते, हसते, बोट दाखवलं की बघते, आणखी काय हवं?

बोट दाखवलं की. मी तिथेच अडकले. आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारतच नाही. मारून ऐकू कुठे येणार? सासूबाईंना मला बोलवायचं असलं तर त्या दिव्याची दोनदा उघडझाप करतात. नवरा खांद्यावर टिचकी मारतो. जेवायला वाढलं की ताट दाखवायचं. सुट्टीला कारखाना बंद असला तरी तोंडं मिटलेलीच राहतात, सवयीने. पाहुणे म्हणतात, भांडलात की काय? ठमीला आम्ही उचलतो, थोपटतो, गालावर फुंकर घालतो. तिचं नाव आम्ही तिच्याबद्दल बोलताना घेतो. तिला ते कुणी दिलंच नव्हतं.

सुट्टीपर्यंत थांबण्याचं बळ माझ्यात नव्हतं. सकाळी खाली गेले. कारखान्याचा मिस्त्री मला बघून आधीच वैतागला. तक्रार असेल तर मालकांकडे जा ताई, म्हणाला. मी म्हटलं, तक्रार नाही, मशीन थोडा वेळ बंद ठेवता का, मुलीला ऐकू येतं का ते बघायचंय. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, जेवणानंतर साचा बदलायचाय, तेव्हा सगळंच बंद असतं. वर राहा, कळेल.

दुपारी एकदम सगळं थांबलं. इतकं, की नळाचं ठिबकणंसुद्धा ऐकू आलं. ठमी दचकून उठली आणि रडायला लागली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "आवाज गेला तर जागी झाली. ऐकू येतंय पोरीला."

मला हसू यायला हवं होतं. पण जमिनीची थरथरही त्याच क्षणी थांबली होती, आणि ती थरथर कानांनी कळत नाही. मी ठमीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, दाराकडे पाठ करून. ती शांत होईपर्यंत थांबले. मग दारातून म्हटलं, "ठमे."

काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासारखी भीती दिसली.

"अगं, मोठ्याने. मलाच नीट ऐकू आलं नाही."

खरंच, माझा आवाज घशातच राहिला होता. मी चौकट धरली आणि पोटातून हाक दिली. ठमीचं अंग थबकलं. तिने खिडकीकडे पाहिलं. मग वर सासूबाईंच्या तोंडाकडे, ते मिटलेलं होतं. मी पुन्हा हाक मारली. ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि शेवटी मी दिसले. तिने माझ्या तोंडाकडे टक लावली. आवाज तिला आला होता. तो आपल्यासाठी आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

मी उंबऱ्यावरच बसले. आनंद व्हायलाही जोर लागतो, तो कालच संपला होता. सासूबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या की डॉक्टरकडे जायचं ते जाऊच.

खालून मिस्त्रीने ओरडून विचारलं, साचा बसला, लावू का चालू?

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि सासूबाईंना ठमीला पुन्हा पाठमोरी धरायला सांगितलं.