थर्माकोलचा चार मजली केक

मित्रांनो, मी एक जुना केक आहे. हे ऐकून तुम्ही नाक मुरडलं असेल, तर बरंच केलंत. मलाही माझी किळस येते. बाहेरून मी साखरेचा आणि आतून थर्माकोलचा. मी नासत नाही, मला बुरशी लागत नाही, आणि माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच आहे.

लहानपणी मी टीव्हीच्या खोक्यात होतो. टीव्हीला धक्का लागू नये म्हणून मला चारही बाजूंनी कोंबलं होतं. ते काम मला आवडायचं. पुढे लग्नाचं सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराने मला कचऱ्यातून उचललं, गोल कापलं, एकावर एक चार थर चिकटवले आणि वरून साखरेचा पांढरा लेप थापला. झालो मी केक. खालच्या थरात त्याने एक खण कोरला. लग्नाच्या दिवशी त्यात खऱ्या केकचा एक तुकडा बसवायचा, वरून लेप फासायचा आणि नवरा-नवरीने नेमकी तिथे सुरी घालायची. बाकी मी सगळा शोभेचा.

आता माझ्या नोकरीचं काय सांगू? दुकानदार जुना लेप कधी धूत नाही. त्यावरच नवा थापतो. अंघोळ न करता रोज नवा सदरा चढवावा, तसा मी. मुलं माझ्यावर बोट फिरवून चाटतात आणि तेच बोट पुन्हा फिरवतात. एका सभ्य गृहस्थांनी माझं साखरेचं फूल काढून चोखलं, आवडलं नाही म्हणून परत जागेवर चिकटवलं. शी. आणि तरी लोक म्हणायचे, "काय केक आहे, डोळ्यांचं पारणं फिटलं."

एकदा दुकानात एक नवरी आली. शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळणारी. सोबत तिचा वायरमन नवरा मुलगा, तिची आई आणि आत्या. लग्न आणि रिसेप्शन दोघांच्या पगारात बसवायचं होतं. पत्रिका छापल्या नव्हत्या, सगळ्यांना फोनवर बोलावलं होतं. नवऱ्याचे बूट मित्राचे होते. फुलं कागदाची होती आणि ती बसमधल्या मुलांनी केली होती. जेवण मात्र पोटभर द्यायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. हॉल निम्म्या भाड्यात मिळाला तो आत्याच्या ओळखीने, आणि आत्या ते कुणाला विसरू देत नव्हती.

आई हळूच म्हणाली, "केक मी घरी करते. साधाच, पण सगळ्यांना पुरेल."

"वहिनी, तुमचा केक धड फुगत नाही, मध्ये बसतो," आत्या म्हणाली. "घरात चालतं हो. पण माझ्या सासरची माणसं येणार आहेत. चार लोकांत माझं नाक कापायचंय का? दिसायला हा ठेवू. तुमचा आतल्या आत कापून वाटून टाका."

नवरी म्हणाली, "आत्या, मला या लग्नात एवढंच हवंय. टेबलावर आईचा केक आणि शेजारी आई."

"मग हॉलचं तुमचं तुम्ही बघा."

शेवटी आईच म्हणाली, "जाऊ दे गं. वन्सं म्हणतात ते बरोबर आहे. मी आत बसून तुकडे करते." तेव्हा नवरीने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी आपण जेवताना ताटातल्या केसाकडे टाकतो. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी माझ्या खणात आईच्या केकचा तुकडा बसवला. त्याला लोण्याचा वास येत होता. कुणीतरी पहाटे उठून, घाम गाळून केलेली वस्तू माझ्या कळकट अंगात दडवली होती. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती. दुकानदार आत्याला म्हणाला, "ही बाजू पुढे राहू द्या, सुरी इथेच घालायची," आणि निघून गेला.

पण त्या बाजूचा लेप खडबडीत झाला होता. आत्याला ते बघवेना. सासरची माणसं दारात दिसताच तिने मला उचलून फिरवलं आणि गुळगुळीत बाजू पुढे आणली. दिसण्यापुढे तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

नवरा-नवरीने सांगितल्याप्रमाणे पुढून सुरी घातली. कर्रर्र असा आवाज आला. वायरमनच्या हातात जोर होता, त्याने तरीही दाबली, माझा एक लचका निघाला आणि सुरी माझ्यातच अडकली.

"थांबू नका, भरव त्याला, फोटो निघतोय," आत्या दातांतल्या दातांत म्हणाली.

गोंधळलेल्या नवरीने तो तुकडा पुढे केला. नवऱ्या मुलाने तो चक्क तोंडात घेतला. आत थर्माकोल, वर कितीतरी लग्नांचे शिळे लेप. बिचारा चावत राहिला, चावत राहिला आणि म्हणाला, "छान झालाय."

नवरीने त्याच्या तोंडाखाली तळहात धरला. "थुंक," ती म्हणाली.

तो थुंकला. कुणीतरी फिसकन हसलं. आत्याच्या सासरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. नवरी हात पुसून सरळ मागच्या खोलीत गेली. तिथे आई उभ्याने तुकडे करत होती. सगळ्यांना पुरावा म्हणून तिने केक पातळ कापला होता. कडेचे चांगले तुकडे बशांमध्ये लावले होते, आणि मधला बसलेला भाग कुणाला दिसू नये म्हणून डब्यात झाकून ठेवला होता. नवरीने तो डबाच उचलला.

"अगं, ते नको," आई मागोमाग येत म्हणाली. "ते लोकांना दाखवण्यासारखं नाही."

नवरीने मला टेबलावरून खाली ढकललं आणि माझ्या जागी डबा ठेवला. "आई, इथे उभी राहा."

"हात तरी धुऊ दे. लोणी लागलंय."

"असू दे. आत्या, तुम्हीही या. तुमच्या माणसांनाही बोलवा."

आत्या जागची हलली नाही. तिच्या सासूबाई मात्र आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. नवरीने पहिला घास आईला भरवला, मग स्वतः खाल्ला. "मध्ये बसलाय ना गं?" आईने खालमानेने विचारलं. नवरीचं तोंड भरलेलं होतं. तिने नुसती मान हलवली आणि दुसरा तुकडा घेतला. मी जमिनीवर, पोटात सुरी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तसाच बरा होतो.

डब्यातल्या आणि बशांमधल्या त्या केकचा चुरासुद्धा उरला नाही. मी मात्र आहे तसाच आहे. दुकानदाराने माझं भोक साखरेने बुजवलं आणि उद्या मला पुन्हा कुणाच्या तरी लग्नात उभं करणार आहे. मित्रांनो, निबंधांतल्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मी कुठे दिसलो, तर माझ्यात खुशाल बोट खुपसा. मोठी माणसं ओरडतील, ओरडू द्या. मग त्यांना विचारा, खरा केक कुणी केलाय, आणि ती बाई मागच्या खोलीत का उभी आहे.