तिलाच न येणारा वास

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारीला सगळे नंबरताई म्हणत. कामच असं, की गिऱ्हाइकाच्या नाकाला नाक लागेल इतकं वाकावं लागे. म्हणून तिला घामाची भारी धास्ती. नणंदेनं दिलेली सेंटची बाटली खणात असायचीच. मनगटांवर फवारायचं, ती एकमेकांवर खसाखसा घासायची, मग मान, मग बाह्या. नणंदेनं बजावलंच होतं, "वहिनी, आपल्याला वास येईनासा झाला की उडाला समजायचं." तो तासाभरात उडे. नंबरताई पुन्हा फवारी.

त्या महिन्यात जो तो खुर्चीत बसला की डोळे पुसू लागे. "डोळ्यांची हेळसांड केलीत हो," असं मायेनं दटावून ती थेंब घालायला सांगे. एका शाळेतल्या बाईंनी तर बिचाऱ्यांनी माफीच मागितली होती.

पाट्या रंगवणारे पेंटरआजोबा नवा चष्मा घेऊन परत आले. "पोरी, यातून माझ्या ओळी खाली घसरतात. काल अख्खी पाटी पुसावी लागली."

ती वाकली. आजोबांच्या डोळ्यांना धार लागली.

"थेंब नेमानं घालता ना?"

"घालतो की! घरी डोळे ठणठणीत. या खुर्चीत बसलो की नळ सुटतो." आजोबा घुटमळले. "राग मानू नकोस. तू वाकलीस की टर्पेंटाइनच्या डब्यात तोंड घातल्यासारखं होतं. आणि माझा जन्म टर्पेंटाइनमध्ये गेलाय!"

मागं भिंगं घासणाऱ्या काकांचं यंत्र थांबलं.

"काका, खरं का हो?"

"मग एवढ्या थंडीत खिडकी काय हौसेनं उघडतो मी? दोनदा बोललो तुला. तू म्हणालीस, वास कधीच गेला."

नंबरताईची कानशिलं तापली. भरल्या डोळ्यांनी वाचलेल्या अक्षरांवरून तिनं आजोबांचा नंबर काढला होता. आणि वर त्यांनाच दटावलं होतं.

तिनं साबणानं तीनदा मान-मनगटं धुतली, वरून काकांचा कामाचा कोट चढवला. हुंगून पाहिलं. काहीच नाही. पण आता स्वतःच्या नाकावर तिचा भरवसा उरला नव्हता.

"आजोबा, येतो का अजून?"

"येतो. पण सोसवेल."

नंबर निराळा निघाला. काकांनी नवी भिंगं घासायला घेतली.

मान खाली घालून तिनं तपासणीची वही उघडली आणि शाळेतल्या बाईंना फोन लावला. "बाई, ते थेंब बंद करा. हेळसांड तुमची नव्हती. ती मी…"

आजोबा समोरच्या तक्त्यावरची अक्षरं उगाचच मोठ्यानं वाचू लागले.

"मी सेंट फार मारत होते, बाई," ती म्हणाली. वहीत अजून अकरा नावं होती.