ज्यानं तोडायचं ते

“क्लेटनला त्या माइकपुढे बसवू नकोस,” थेल्मामावशीनं बजावलं होतं. “माझा भाऊ माणसांशी बोलत नाही, लाकडाशी बोलतो. ऐकायचं असेल तर त्याच्या अंगणात जाऊन बस.”

“अंगणात वारा असतो मावशी, रेकॉर्डिंग बिघडतं,” असं म्हणून कॅमिलनं विषय संपवला होता.

उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या सिपायिक या मूळनिवासी वस्तीतल्या शाळेत ती पासमाक्वॉडी शिकवायची. तिच्या स्वतःच्या लोकांची भाषा, पण ती अस्खलित बोलणारे आता इतके थोडे उरले होते, की कोण खोकलं तरी तिला धास्ती वाटायची. म्हणून ती शब्द गोळा करत होती. क्लेटनमामा पंच्याहत्तरीचा, जन्मभर टोपल्यांसाठी ॲश नावाच्या झाडाच्या ओंडक्यातून पट्ट्या काढणारा. तो शाळेत आला, टोपी मांडीवर ठेवून बसला. याच इमारतीत लहानपणी घरची भाषा बोलला म्हणून तेव्हाच्या मिशनच्या नन्सनी त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती. कॅमिलला हे ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र आठवलं नाही.

“कुऱ्हाड?” तिनं विचारलं.

“तम्हिगन.”

“अजून काही सांग ना तिच्याबद्दल.”

“कुऱ्हाड ती कुऱ्हाड. ज्यानं तोडायचं ते, एवढाच अर्थ. तुला सिनेमातला लढाईचा टॉमहॉक हवा असेल तर उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना विचार. मी हार्डवेअरच्या दुकानातली कुऱ्हाड दाखवली की त्यांची तोंडं उतरतात.”

कॅमिल हसली. कॉलेजात वाचलेलं तिनं त्याला सांगितलं. दूर दक्षिणेला, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आपलेच भाऊबंद राहायचे. त्यांचाही शब्द जवळजवळ हाच, अर्थही हाच. चारशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी तो त्यांच्या तोंडून उचलला आणि त्याचा टॉमहॉक केला. “त्यांची ती बोली पुढे मुकी झाली, मामा. शब्द मात्र जगभर फिरतोय.”

“फिरतोय खरा, पण रक्तानं माखून. सरपण फोडायची वस्तू होती ती.” त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. “झालं ना? जातो मी. इथं कोंदट वाटतंय.”

मार्चमध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. महिन्याभरात हातपाय हलायला लागले, जीभ वळेना. डॉक्टरांनी इंग्रजीत नाव विचारलं, वार विचारला. तो भिंतीकडे बघत राहिला. त्याची मुलगी लोर्ना पोर्टलंडहून आली आणि तिनं तीन तासांवरच्या शहरातल्या वृद्धाश्रमात चौकशी केली.

“मला काय हौस आहे का?” ती कॅमिलला म्हणाली. “पण पडला, तहान लागली, तर कुणाला हाक मारणार तो? सोमवारी नर्स येऊन बघेल. बोलला नाही, तर न्यावंच लागेल.”

सोमवारला दोन दिवस होते. शनिवारी लोर्ना आश्रमाची खोली बघायला गेली आणि कॅमिल आपल्या दोन वर्षांच्या मालियानला घेऊन मामाकडे थांबली. आल्याआल्या तिनं सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या, चुलीपुढे खुर्ची आडवी लावली आणि दारामागची कुऱ्हाड उचलून कपाटात टाकली. लेकरू घरात, म्हातारा आजारी. दहा वेळा तिनं कपाटाची कडी तपासली.

मामा उठला. दारामागे बघितलं, पलंगाखाली बघितलं, मग तिच्यापुढे येऊन रिकामा हात पसरून उभा राहिला. डोळे भरून आले होते.

“नको मामा. लागेल तुला.”

हात तसाच राहिला.

कॅमिलनं पोरीला कडेवर घट्ट धरलं आणि कडी काढली.

अंगणात ओल्या गोणपाटाखाली ॲशचा ओंडका होता, गेल्या शरद ऋतूत तोडलेला, साल काढून ठेवलेला. मामानं कुऱ्हाड हातात फिरवली, पातं आभाळाकडे, बोथट बाजू लाकडाकडे. आणि ठोका घातला. त्याच्या शेजारी दुसरा. ओंडक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही जागा न सोडता. पहिल्या फेरीला नुसता ठोक्यांचा आवाज, दुसऱ्या फेरीला घशातून काहीतरी, तिसऱ्या फेरीला शब्द.

“तम्हिगन.”

कॅमिलचा रेकॉर्डिंग करायचा फोन आत स्वयंपाकघरात होता. तो आणायला ती गेली नाही.

लाकडाच्या कडेला एक पट्टी सुटली होती. त्यानं ती दोन्ही हातांनी ओढली. झाडानं गेल्या एका वर्षात घातलेला सगळ्यात वरचा थर, अख्खाच्या अख्खा, लांब आणि चकचकीत. तो घरच्या भाषेत, अडखळत म्हणाला, “मालियान चालायला लागली.”

पुन्हा ठोके. दुसरी पट्टी, त्याच्या आदल्या वर्षाची. “मालियान आली.”

तिसरी त्यानं बाजूला ठेवली. चौथी सुटली तेव्हा त्यानं ती कॅमिलच्या हातात दिली. “तुझी आई गेली.”

पट्टी ओली, गार, कागदासारखी वाकणारी होती. आईच्या शेवटच्या वर्षाचा सगळा पाऊस तिच्यात होता. पुस्तकात वाचलेली ती चारशे वर्षं कॅमिलला कधी अशी हाताला लागली नव्हती. समोर एक म्हातारा उलट्या कुऱ्हाडीनं एकेक वर्ष सोडवत होता आणि प्रत्येक वर्षाखालून त्याची भाषा निघत होती.

सोमवारी नर्सनं स्वयंपाकघरात नाव विचारलं. तो भिंतीकडे बघत राहिला. लोर्नानं मान खाली घातली.

“बाहेर चला,” कॅमिल म्हणाली. “पाच मिनिटं फक्त.”

ठोके सुरू झाले. बऱ्याच वेळानं मामा थांबला आणि लोर्नाकडे बघून काहीतरी बोलला. तिला ही भाषा येत नव्हती. बापानंच शिकवली नव्हती, तिच्या बोटांना पट्टी बसू नये म्हणून.

“काय म्हणतोय?”

“‘पाणी आण,’ म्हणतोय. आणि ‘तू वाळलीस’.”

लोर्ना भर्रकन आत गेली आणि पेला इतका भरून घेऊन आली की पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं. बापानं तो एका दमात रिकामा केला.

“म्हणजे मागता येतंय,” नर्स म्हणाली. “पण ऐकून समजणारं कुणी जवळ पाहिजे. तीन महिने घरीच ठेवून बघू.”

त्या संध्याकाळी कॅमिलनं एक कागद लिहिला आणि किराणा दुकानाच्या दारावर, सगळ्यांच्या नजरेला पडेल असा चिकटवला:

‘शाळा असते तेव्हा मला सकाळी येता येत नाही. क्लेटनमामा नऊच्या सुमाराला ठोकायला बसतो, आवाज रस्त्यापर्यंत येतो. हे वाचणारे तुम्ही जे कोणी असाल, दहा वाजेपर्यंत ठोके ऐकू आले नाहीत तर कृपा करून त्याचं दार वाजवा. आत जा. आपल्या भाषेत विचारा.’