पांढरी पेशी चालते

भर मे महिन्यात, दुपारच्या प्रात्यक्षिकाला लाइट गेली आणि प्रयोगशाळेतला कूलर घरघरत बंद पडला. अकोल्याच्या त्या नर्सिंग कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुली ओढण्यांनी वारा घ्यायला लागल्या. रागिणी मॅडमनी घाम टिपत सांगून टाकलं, "ज्यांची आकृती झाली त्यांनी जावं. बाकीच्यांनी पुरी करूनच उठायचं." आणि त्या शेजारच्या स्टाफरूममध्ये गेल्या.

बाकीच्यांत मोनाली एकटी उरली. तिची मैत्रीण अश्लेषा तिच्यासाठी दाराशी थांबली.

मोनाली अचलपूरची, घरची भाजीची वाडी. हाडं तिला चटकन पाठ झाली होती, कारण ती आपल्याच अंगावर चाचपून पाहता यायची. पेशीचं प्रकरण मात्र काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. पेशीपटल, प्रथिनं, एटीपी. 'एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन' हे वाक्य तिनं इतक्यांदा घोकलं होतं की आता त्याला चवच उरली नव्हती. चाचणीत ती नापास झाली होती आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोंडी परीक्षा होती.

आजचं काम साधं होतं. स्वतःचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब सलाईनमध्ये पातळ करून काचपट्टीवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवून कडेनं व्हॅसलीन लावायचं, म्हणजे थेंब सुकत नाही. मग पांढरी पेशी शोधून तिचं चित्र काढायचं. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "अंगात या पेशी चालतात, जंतूंना गाठतात. इथे ते दिसणार नाही. त्याला काचपट्टी गरम ठेवणारं उपकरण लागतं, ते आपल्याकडे नाही. तुम्हाला गोल, गप्प बसलेली पेशी दिसेल. तशीच काढा."

मोनालीचा मायक्रोस्कोप बल्बवरचा, तो लाइटीबरोबर विझला. तिनं कपाटातून आरशाचा जुना मायक्रोस्कोप काढला, सावलीतल्या खिडकीशी ठेवला आणि आकाशाचा उजेड आरशावर घेतला. खिडकीतून झळा येत होत्या. काचपट्टीसुद्धा हाताला गरम लागत होती.

लाल पेशी नाण्यांसारख्या विखुरल्या होत्या. त्यांच्यात एक मोठी, दाणेदार, फिकट पेशी सापडली. मोनालीनं गोल काढला. पुन्हा पाहिलं, तर पेशी गोल नव्हती, एका बाजूनं लांबट झाली होती. आपलंच चुकलं म्हणून तिनं खोडलं आणि लांबट काढली. पुन्हा डोळा लावला. आता पेशीला एक बोट फुटलं होतं.

"काय बाप्पा," ती पुटपुटली. खोडून खोडून कागद झिजला होता. मग तिचा हात थांबला. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि नुसती पाहत राहिली.

त्या बोटात आधी काहीच नव्हतं, स्वच्छ काचेसारखं ते पुढे सरकलं. मग आतले दाणे त्याच्यात ओतल्यासारखे घुसले. मागचं टोक हळूच आखडलं. सगळी पेशी जराशी पुढे आली होती.

"अश्लेषा, इकडे ये. लवकर ये वो."

अश्लेषा अमरावतीच्या वकिलाची मुलगी. पुराव्याशिवाय ती घरात कुणाचं ऐकत नसे. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "काचपट्टी सरकली असेल. नाहीतर आतलं पाणी वाहतंय."

"मंग बाजूच्या लाल पेशी काहून नाई सरकल्या? थ्या दोन चिकटलेल्या हायेत ना, त्यायले पाह्य. थ्या जागच्या हालल्या काय?"

दोघी आळीपाळीनं डोळा लावत राहिल्या. चिकटलेली जोडी तिथंच होती. पांढरी पेशी मात्र त्या जोडीच्या दिशेनं येत होती, मध्येच थांबत, वळण घेत. शेवटी ती जोडीला भिडली आणि तिला ढकलून कडेनं निघून गेली. अश्लेषानं मान वर केली. मग ती धावतच मॅडमना आणायला गेली.

रागिणी मॅडम खूप वेळ वाकून राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "मी हे इतकी वर्षं शिकवते आहे," त्या म्हणाल्या, "पण आपल्या डोळ्यांनी आज पाहतेय. आजच का दिसलं असेल, मोनाली?"

मोनालीनं खिडकीकडे पाहिलं, गळ्याचा घाम पुसला. "मॅडम, गरम हाय म्हणून. कूलर चालू असला की काच थंड राहते. आता या खोलीतच आपल्या अंगाएवढी गरमी हाय. त्या पेशीले वाटून राहिलं असंल, आपण अजून अंगातच हाओत."

"वाटणं पुरेसं नाही," मॅडम म्हणाल्या. "तपासायला हवं."

तेवढ्यात लाइट आली. कूलर घरघरला तशी मोनालीनं मायक्रोस्कोप उचलून त्याच्यासमोरच्या टेबलावर नेला. दिव्याच्या उजेडात तीच चिकटलेली जोडी शोधून तिनं आपली पेशी गाठली. थोड्या वेळात तिची चाल मंदावली. बोटं आत गेली. ती गोल, गप्प झाली, मॅडमनी सांगितली होती तशीच. मग मोनालीनं मायक्रोस्कोप परत खिडकीशी नेला आणि तिघी वाट पाहत बसल्या. काही होईना. अश्लेषा म्हणाली, "मेली वाटतं." मोनालीनं नजर हलवली नाही. आणि एका कडेला पुन्हा ते काचेसारखं बोट उगवलं.

"निघाली," ती म्हणाली. आवाज इतका चढला की व्हरांड्यातल्या मुली आत आल्या.

मग काय, खिडकीशी रांगच लागली. कुणी डोळ्याच्या भिंगाला मोबाइल लावून चित्रण केलं. मॅडम उभ्यानंच शिकवत होत्या: पुढच्या टोकाला प्रथिनांचे धागे जोडले जातात, ते पटलाला पुढे रेटतात. मागचे धागे सुटतात, तेच पुन्हा पुढे वापरले जातात. या कामाला एटीपी खर्ची पडतो, आणि तो बनवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, थंडीत सुस्तावतात. मोनाली ऐकत होती आणि घोकलेला शब्द न् शब्द तिला त्या काचेवर हलताना दिसत होता. थंडीत खर्चायला एटीपी कमी, म्हणून तर चाल मंदावली. हे तिला कुणी वेगळं सांगायला लागलं नाही.

"तोंडी परीक्षा आत्ताच घेता काय, मॅडम?" तिनं विचारलं. "मले आता येते."

मॅडम हसल्या. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या प्रश्न विचारले. मोनाली दोन ठिकाणी अडखळली, बाकी सगळं तिनं आपल्या शब्दांत सांगितलं, आणि मॅडमनी पास केलं.

बाहेर पडल्या पडल्या तिनं आईला फोन लावला. शकुनबाई अचलपूरच्या बाजारात मेथीच्या जुड्या लावून बसल्या होत्या.

"आई, माह्या रक्तातली पेशी चालली वो. म्या सोताच्या डोयानं पाह्यली."

"म्हंजे? तुले बरं नाई काय?"

"बरं हाय. थे सगळ्यायच्याच अंगात चालते. तुह्या बी."

पलीकडे गिऱ्हाईक भाव विचारत होतं. शकुनबाईंनी त्याला थांबायला सांगितलं. "आत्ता?" त्यांनी विचारलं. "आत्ता चालून राहिली?"

"आत्ता," मोनाली म्हणाली, आणि उन्हातच उभी राहून आईला सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.